पुढची दोन चाकं

सिग्नल लाल झाला तेव्हा तिने नेहमीसारखाच ब्रेक दाबला, आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की रस्ता ओलांडणारा एक टोपीवाला म्हातारा मधेच थांबून तिच्याकडे बघायला लागला. पाटीवर खिळा ओढावा तसा, दातांत शिरणारा आवाज. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती त्याच्या हातभर पुढे, पांढऱ्या पट्ट्यांवर. म्हाताऱ्याने हात वर केला. जाऊ दे म्हणत होता की शिव्या घालत होता कुणास ठाऊक. तिला भीती वाटली ती त्यानंतर. आधी डोळ्यांसमोर आलं ते नवऱ्याचं तोंड. ती काही बोलायच्या आतच सगळं समजून चुकलेलं, किंचित डावीकडे वाकडं झालेलं तोंड. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा तिला उमगलं की सिग्नल केव्हाच हिरवा झालाय आणि आपण मात्र त्या तोंडाला काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव करत बसलोय. घरापर्यंत ती ब्रेकला पाय लावायचं टाळत, लांबूनच वेग कमी करत आली. पण फाटकाशी वळताना दाबावाच लागला. खिडकीत तो बसलेला होता.

"ब्रेकचे पॅड संपलेत," ती दारातून आत येतेय तोच तो म्हणाला. "कधीपासून वाजतंय?"

"आजच."

"आजच नसतं. तुला आज ऐकू आलं."

तिने पर्स खुंटीला अडकवली. बोलताना ती त्याला अहो म्हणे, तुम्ही म्हणे, पाहुण्यांसमोर तर 'हे' म्हणे. मनात मात्र तो फार पूर्वीच 'तो' होऊन बसला होता. असं कधी झालं ते तिला आठवत नव्हतं. गाडी शिकताना झालं असावं. कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात तो तिला शिकवायला नेई, आणि एकदा क्लच सोडायला उशीर झाला म्हणून तो इतका ओरडला की पलीकडे चेंडू खेळणारी मुलं खेळ थांबवून काठाशी येऊन उभी राहिली. ती गाडीतून उतरली आणि चालत घरी आली. नंतर एका ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईकडे गुपचूप शिकली, परवाना काढला. चार लोकांत तो आजही सांगायचा, हिला गाडी मी शिकवली. त्यावर तिने कधी हूं की चूं केलं नाही. तंत्रशाळेत वर्षानुवर्षं मोटार मेकॅनिकचे वर्ग घेतलेला माणूस. बायकोने गाडी दुसऱ्याकडून शिकावी हे त्याच्या हिशेबात बसणारं नव्हतं, आणि जे त्याच्या हिशेबात बसत नसे ते घडलेलंच नसे.

आता त्याच्या हातात पानाही धरवत नव्हता. कंपवात. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट सतत काहीतरी मोजत असल्यासारखी हलायला लागली, मग हात, मग चाल. डॉक्टर म्हणाले, "गाडी आता बाईंनाच चालवू द्या." त्यावर तो हसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टर लोकांना यंत्रातलं काही कळत नाही." तेव्हापासून गाडी तीच चालवत होती, आणि शेजारी बसून तो चालवत होता.

गॅरेजचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, तो परगावी असताना तिने गाडी गॅरेजात टाकली होती. परत आल्या आल्या त्याने चाक उघडलं, आतला एक बोल्ट बोटांनी फिरवून दाखवला आणि म्हणाला, "बघ. सैल. मेली असतीस." तो बोल्ट पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या घरात जेवायला येणाऱ्यांना वाढला गेला. हिने गाडी गॅरेजात दिली, आणि मग बोल्ट, आणि मग सगळे हसत. तीही हसे, ताटं उचलता उचलता. तो बोल्ट खरंच सैल होता का, असा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदा आला तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"आई, असं कर ना," रात्री फोनवर मुलगी म्हणाली. मुलगी दुसऱ्या शहरात, कसल्याशा कंपनीत मशीनचे आराखडे करायची. तिला त्याने सगळं शिकवलं होतं, मांडीवर बसवून, न ओरडता. "बाबांना खुर्ची टाकून दे आणि तू कर. ते सांगतील तसं. अवघड नाहीये गं. आणि त्यांना बरं वाटेल."

त्यांना बरं वाटेल. घरात येणारा प्रत्येक माणूस हल्ली हेच बोलायचा. तिने फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जाऊन म्हणाली, "पॅड मी बदलते. तुम्ही सांगा." ते बोलताना आपला आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागलाय हे तिचं तिलाच जाणवलं. तो टीव्हीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "नखं काप आधी."

सुट्टीच्या दिवशी सकाळी फाटकाच्या आतल्या उतरत्या जागेत गाडी उभी होती, नाक रस्त्याकडे. मागच्या चाकांना विटा लावलेल्या. पायरीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला, अंगात स्वेटर, मांडीवर स्टीलची वाटी. निघणारे नट त्यात ठेवायचे, हे त्यानेच ठरवलं. तिने पहिला नट टाकला आणि वाटी वाजायला लागली. मग दुसरा, तिसरा. त्याच्या हातातल्या थरथरीने ते नट वाटीत एकमेकांवर आपटत राहिले, न थांबता, एखादं भांडं सतत उकळत असावं तसे. तो ते ऐकत नसल्यासारखा बसला होता आणि तिलाही ऐकत नसल्यासारखं दाखवावं लागत होतं. "जॅक तिथे नाही. शिवणीखाली. शिवण म्हणजे काय ते माहीत आहे ना? साडीची नव्हे." ती जमिनीवर आडवी झाली, गाल फरशीला टेकवून तिने पत्र्याची कड शोधली. "चढव. अजून. आता स्टँड लाव. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही." चाक निघालं तेव्हा त्याचं वजन एकदम छातीवर आलं आणि ती मागे बसली. आत सगळं काळं, भुरकट, एखाद्या जनावराचा जबडा उघडावा तसं.

आणि मग तिला ते काम आवडायला लागलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिचा जन्म लोकांचं रक्त काढण्यात गेला होता. लॅबमध्ये ज्यांची शीर कुणाला सापडत नसे त्यांना तिच्याकडे पाठवत. ती डोळे बाजूला वळवून नुसत्या बोटाने कोपराच्या खळगीत चाचपायची आणि कातडीखाली तो मऊ दोर हाताला लागायचा. इथेही तसंच झालं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरच्या मागचा बोल्ट दिसत नव्हता, बोटाला मात्र सापडला. पाना बसला, तिने अंगाचा भार टाकला, आणि कट्‌ आवाज होऊन तो सुटला. "सुटला," ती म्हणाली. "उलटा फिरवत असशील," तो म्हणाला. "सुटलाय." वाटी तेवढी वाजत राहिली. कॅलिपर खाली लोंबकळू द्यायचं नाही, तारेने वर बांधायचं, नाहीतर रबरी नळीवर ताण येतो. हे तो म्हणाला तोवर तिने तार घेतलेली होती. जुने पॅड निघाले. आतल्या बाजूचा पॅड इतका झिजला होता की त्यावर नखाएवढाही थर उरला नव्हता, लोखंडाला लोखंड घासत होतं. तिने तो त्याच्यासमोर धरला. त्याने हात पुढे केला, पॅड हातात घेतला, आणि तो त्याच्या हातून निसटून फरशीवर पडला. दोघांनीही त्या पॅडकडे पाहिलं. "गरम आहे का?" त्याने विचारलं. गाडी काल संध्याकाळपासून बंद होती. "हो, थोडा," ती म्हणाली.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करायला त्याने सांगितलं, क्लॅम्प लावून पॅडला दाबणारा आतला दट्ट्या हळूहळू मागे ढकलायला सांगितलं, ऑइल वर येतंय का बघायला सांगितलं. सगळं क्रमाने, बारकाईने, तंत्रशाळेतल्या आवाजात. नवे पॅड बसले. दुसऱ्या चाकाला त्याला फारसं सांगावं लागलं नाही, म्हणून त्याने रस्त्यावरून जाणाऱ्यांकडे बघत समोरच्या घराच्या रंगाबद्दल, सरकारबद्दल, मुलीच्या नवऱ्याच्या पोटाबद्दल बोलायला सुरुवात केली. दोनदा तर ती हसलीही. पाठ मोडून आली होती, कोपर सोललं होतं, कपाळावर काळा फराटा होता, आणि तिच्या मनात आलं की याला इतकी वर्षं असं खुर्चीत बसवून ठेवता आलं असतं तर संसार बरा झाला असता. मग त्या विचाराचीच तिला लाज वाटली आणि नट आवळताना तिने जरुरीपेक्षा जास्त जोर लावला.

"झालं," ती म्हणाली. "आता?"

"आता काय. विटा काढ. घे बाहेर गाडी, एक चक्कर मारून ये."

ती आत बसली. हात पुसलेले असूनही स्टीअरिंगवर काळे ठसे उमटले. गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, गाडी उतारावर आपणहून सरकली, आणि फाटकाशी तिने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल नुसतंच खाली गेलं. जिना संपला असूनही आपण आणखी एका पायरीसाठी पाय टाकतो, तसं. पाय गाडीच्या तळाला टेकला आणि गाडी चालतच होती. फाटकाबाहेर, अगदी समोर, समोरच्या घरातली शिक्षिका हातात भाजीची पिशवी घेऊन येत होती. तिने गाडीकडे पाहिलं, आणि बाजूला व्हायचं सोडून मोकळा हात पुढे करून बॉनेटवर ठेवला, जणू काही ती हाताने अडवणार होती.  गाडीतल्या बाईने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, आणि त्याच वेळी हात आपोआप हँडब्रेककडे गेला आणि तिने तो मुळापासून ओढला. मागची चाकं किंचाळली. गाडी थांबली. शिक्षिकेचा हात अजून बॉनेटवर होता, पिशवी पोटाशी. पायाखाली पेडल आता दगडासारखं घट्ट झालं होतं.

"अहो, काय हे!" शिक्षिका म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "जीव गेला असता माझा."

मागून, पायरीवरून, त्याचा आवाज आला. मोठा, खणखणीत, आजाराच्या आधीचा. "हिला ब्रेक दाबता येत नाही. मी सांगितलं होतं."

शिक्षिका काही पुटपुटत निघून गेली. ती गाडीतून उतरली आणि उतार चढून त्याच्यापाशी आली.  "तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

मांडीवरच्या वाटीत आता जुन्या पॅडच्या क्लिपा वाजत होत्या. त्याने वाटी दोन्ही हातांनी पकडली. आवाज थांबला. "तू?" तो म्हणाला. "कोणाला तू म्हणतेस?"

एक बाई आत्ता चाकाखाली येणार होती, आणि याला दुखलं ते एवढंच. ती घरात गेली आणि बाथरूमचं दार लावून पाण्याच्या बादलीशेजारी बसली. आणि तिथे तिला ते आठवलं. तंत्रशाळेतला किस्सा, तोही जेवणाच्या टेबलावर वाढलेला. पॅड बसवले की दट्ट्या मागे गेलेला असतो, म्हणून गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करायचं. दाबायचं, सोडायचं, घट्ट होईपर्यंत. दर वर्षी हे एवढं एकच तो पोरांना मुद्दाम सांगत नसे. मग एकाला आत बसवायचं आणि म्हणायचं, दाब ब्रेक. "काय तोंड होतं सांगू! पण जन्मात विसरत नाहीत." पाहुणे हसले होते. तीही हसली असणार, काहीतरी वाढता वाढता. तिथे गाडी सपाट फरशीवर असायची, इंजिन बंद, पुढे भिंत. इथे उतार होता, आणि उताराच्या टोकाला रस्ता. त्याने खुर्चीत बसून, वाटी मांडीवर घेऊन, विटा काढ म्हणून सांगितलं होतं. तो बोल्टही त्यानेच सैल केला असणार. आता तिची खात्री पटली. इतकी वर्षं धुक्यात असलेलं एकदम लख्ख झालं आणि तिला विचित्र हलकं वाटलं, चेहरा तापला, अंगात बळ आलं. हा माणूस वाईट आहे. एवढं साधं होतं. दुपारभर ती घरात त्या रागाच्या जोरावर वावरली, कपडे पिळले, खिडक्या पुसल्या. बऱ्याच दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. मुलीला सांगायची वाक्यं तिने मनात मांडून ठेवली. वेगळी खोली, मग वेगळं घर, कुठेतरी लॅबजवळ, एका माणसापुरतं.

दिवस मावळताना ती ओट्याशी उभी राहून हात घासत होती. काळं निघत नव्हतं, नखांच्या कडेला, रेषांत बसलं होतं. त्याची पावलं फरफटत आली आणि तो फ्रिजला धरून उभा राहिला.

"पॅड बसवले की पेडल पंप करायचं," तो म्हणाला. "गाडी हलवायच्या आधी. घट्ट होईपर्यंत."

"ठाऊक आहे. आता."

"हां." तो थांबला. मग म्हणाला, "मी सांगितलं ना तुला?"

तिने नळ बंद केला. हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं, पण ते कधी प्रश्न नव्हतं. तिने वळून पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, खालच्या ओठाशी थोडी लाळ जमलेली, आणि डोळ्यांत जे होतं ते तिच्या ओळखीचं होतं. सुई टोचायच्या आधी लोक असं बघतात. खूप दुखेल का, असं तोंडाने विचारतात, आणि डोळ्यांनी सांगतात की खरं बोलू नका. त्यांना ती म्हणायची, मुंगी चावल्यासारखं वाटेल. म्हणजे सकाळपासून तो त्या खुर्चीत आणि मग आपल्या खोलीत हेच शोधत बसला होता. आपण सांगितलं का, कधी सांगितलं, क्लॅम्प काढल्यावर की चाक बसवल्यावर, आणि त्याच्या हाताला काही लागलं नव्हतं. त्याने धडा शिकवला नव्हता. तो विसरला होता. आयुष्यात जे एकच वाक्य तो मुद्दाम गाळायचा, तेच आता आपणहून गळून गेलं होतं. दुपारभर तिने जो राग जपला होता त्याला टेकायला काही उरलं नाही. आणि तिला त्याची कीव नाही आली. तिला वाटलं, हेही याने माझ्याकडून काढून घेतलं.

हो, सांगितलंत, मीच विसरले. एवढं म्हणणं सोपं होतं. जन्मभर तेच म्हणत आली होती ती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नाही."

फ्रिजवरचा त्याचा हात पत्र्यावर वाजायला लागला. "बरं," तो म्हणाला, आणि फरफटत परत गेला.

त्यानंतर तो विचारायला लागला. दुपारची गोळी घेतली का मी? हा शर्ट काल घातला होता का? मुलीचा फोन आज आला की काल? आधी दिवसातून एखाद-दोनदा, मग येता-जाता. तिने सांगितलेलं तो निमूट मान्य करायचा, शाळेतल्या मुलासारखा मान हलवून. गाडीतही तो गप्प बसे, बाहेर बघत. ब्रेक सुरेख लागत होते, कुठे कुरकूर नाही. लॅबमधल्या पोरी म्हणाल्या, "तुम्ही स्वतः केलंत? कमाल आहे." तिने डॉक्टरांना त्याच्या विसरण्याबद्दल सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणखी एक गोळी लिहून दिली. मुलगी फोनवर रडली. तिला स्वतःला मात्र रडू येत नव्हतं. एक कोरडी, कुरतडणारी सवय लागली होती फक्त, त्याचा प्रश्न आला की उत्तर द्यायच्या आधी जरासं थांबायची. त्या थांबण्यात तो तिच्या तोंडाकडे बघत राही. तेवढं तिला हवंसं वाटायचं.

एका सकाळी ती बुटांच्या नाड्या बांधत असताना तो दारापाशी आला आणि म्हणाला, "येताना दाढीचं ब्लेड आण. संपलंय." अगदी स्पष्ट, दोनदा. ती हो म्हणाली. लॅबमध्ये गर्दी होती, एक बाळ होतं ज्याची शीर तिलाही सापडेना, आणि ब्लेड तिच्या डोक्यातून साफ गेलं. घरी आली तेव्हा तो पुढच्या खोलीत उभाच होता, गालावर पांढरे खुंट वाढलेले.

"ब्लेड?"

तिच्या ओठांवर, जुन्या सवयीने, अगं बाई विसरलेच, हे आलं होतं. ती थांबली. तो तिच्याकडे बघत होता.

"मी सांगितलं होतं ना सकाळी?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही सांगितलंत."

त्याने गालावरून हात फिरवला. हात इतका थरथरत होता की गालाला तो नीट टेकतही नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो सकाळ शोधत होता, आणि ती बघत होती, तिला दिसत होतं की सकाळ त्याच्या अगदी जवळ आलीय, दार, नाड्या, ती वाकलेली. आणि मग त्याने स्वतःहूनच ती सोडून दिली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

लग्नापासून आजवर हे दोन शब्द त्याने कुणाला, कधीच म्हटले नव्हते. ते ऐकायला मिळावेत म्हणून तिने काय काय सोसलं होतं. आता ते तिच्यासमोर होते, मऊ आवाजात, खरोखरीच्या पश्चात्तापाने म्हटलेले, आणि ते तिला घ्यावेच लागणार होते.

"असू दे," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूने वाट काढून आत गेली.